पाचवी हाक

आमचे हे ज्या खोक्याचा प्रोग्राम लिहितात ते तुम्ही कधी ना कधी पाहिलेलं असणार, लक्ष मात्र दिलेलं नसणार. हॉस्पिटलात नर्सच्या टेबलामागे भिंतीवर एक पांढरा बोर्ड असतो, त्यावर खाटांचे नंबर. पेशंटने उशाशी लटकणारं बटण दाबलं की बोर्डावर त्याचा नंबर लाल होतो आणि दोनदा टूं-टूं वाजतं. ते टूं-टूं ह्यांनी ठरवलेलं. बारा वर्षांपूर्वी तीन दिवस घरात वेगवेगळे आवाज वाजवून त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. शेवटी मीच वैतागून म्हटलं, हा ठेवा आणि मला सुखाने जगू द्या.

कंपनी म्हणजे एका गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या आणि मालक धरून नऊ माणसं. हे बावीस वर्षं तिथेच. एका खोलीत बायका पार्ट डकवतात, दुसऱ्या खोलीत खिडकीला पाठ करून हे बसतात. बोलणं कमी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण भाजी कशी झालीय हे मला आजही ताटाकडे बघून ओळखावं लागतं. चिपचा विषय काढला की मात्र माणूस सुटतो.

त्या बोर्डात नखाएवढी एक चिप असते. तिची मेमरी इतकी थोडी की आपल्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. आणि कामं किती? बटणांवर लक्ष ठेवायचं, बोर्डावरचे दिवे आणि आवाज सांभाळायचे, पडद्यावर वेळ आणि नंबर फिरवत ठेवायचे, शिवाय कोणी किती वाजता बोलावलं याची नोंद ऑफिसच्या कंप्युटरला पाठवायची. एवढ्याशा जिवाकडून ही चार कामं करून घ्यायला तिच्यात एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम घालतात. मी विचारलं, चारही एकदम करते? तर म्हणाले, छे, एका वेळी एकच. पण इतकी झरझर एकावरून दुसऱ्यावर जाते की बघणाऱ्याला चारही चालू दिसतात. म्हटलं, म्हणजे माझ्यासारखंच की. मशीनवर पडदा शिवतेय, कान कुकरकडे, दारात गिऱ्हाईक, फोनवर नणंद. हे खूश झाले. म्हणाले, फरक एवढाच, की कोणतं काम मोठं आणि कोणतं लहान हे तिला आधी नेमून द्यावं लागतं. म्हटलं, मला नेमून द्यायला सासूबाई आहेत.

सासूबाई आत बसून ऐकत होत्या आणि हसत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण कान तिखट. बसस्टँडवर तिकीट खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. खिडकीवर हात आपटणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी तिटकारा. रांगेत उभं राहावं, आपला नंबर येतो, असं त्यांचं म्हणणं. मुलगा काय काम करतो ते त्यांना नीटसं कळत नव्हतं, पण अभिमान असा की दूधवाल्यालासुद्धा सांगायच्या, माझा मुलगा हॉस्पिटलांची बटणं करतो.

आता चूक सांगते. मी कोणी इंजिनियर नाही, पण ही चूक मला पाठ आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्याच एका हॉस्पिटलातून तक्रार आली. एका म्हाताऱ्याचा मुलगा म्हणत होता, वडिलांनी बटण दाबलं आणि कोणी आलं नाही. नर्सा म्हणाल्या, वाजलंच नाही. बोर्डाची नोंद काढली, त्यात काही नाही. मग काय, म्हाताऱ्याने दाबलंच नसेल असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. अशा तक्रारी आधीही आल्या होत्या, आणि तेव्हा ह्यांनीही नोंद बघून हेच ठरवलं होतं. या वेळी का कोण जाणे, ह्यांच्या डोक्यातून ते जाईना. टेबलावर आठ बटणं मांडून अकरा दिवस बसले, आणि अकराव्या दिवशी पांढरे फटक पडून घरी आले.

मला समजावलं ते असं. एका ऑफिसात खोली एक आणि चावी एक. चावी नेमकी सगळ्यांत खालच्या शिपायाच्या खिशात. मोठे साहेब दाराशी उभे, चावीची वाट बघतायत. शिपाई दार उघडून द्यायला तयार आहे, पण मधला कारकून त्याला कामातून सोडत नाही, कारण कारकून शिपायापेक्षा मोठा. आणि साहेब दारात उभे आहेत हे कारकुनाच्या गावीही नाही. इथे खोली म्हणजे हाकांची यादी, साहेब म्हणजे दिवे आणि आवाज, कारकून म्हणजे पडदा, शिपाई म्हणजे नोंद. साहेब अडकले की सगळंच अडकलं. साहेब दारात ताटकळत असले तर तेवढ्यापुरतं शिपायाला कारकुनाच्या वर बसवायचं, अशी सोय त्या सिस्टीममध्ये असते. ह्यांनी ती वापरली नव्हती. लागणार नाही असं वाटलं, म्हणाले.

तेवढ्यानेही फार बिघडलं नसतं. पण बटणांचे निरोप साहेबांकडे जातात ते रांगेने, आणि मेमरी वाचवायला ह्यांनी त्या रांगेत चारच जागा ठेवल्या होत्या. बारा खाटांच्या वॉर्डात एका क्षणी चारांपेक्षा जास्त बटणं कशाला दाबली जातील, असा हिशेब. साहेब अर्धं मिनिट दारात अडकले की रांग भरते आणि पाचवी हाक टाकून दिली जाते. गुपचूप. नोंद होते ती रांगेत शिरलेल्यांची. जी शिरलीच नाही ती हाक झालीच नाही.

आणि बटणावरचा छोटा लाल दिवा? तो लागतो. तो लावणं बटणं बघणाऱ्या कामाकडे, त्याला रांगेशी देणंघेणं नाही. पेशंटला वाटतं, निरोप गेला. एकदा दिवा लागला की नर्सने येऊन विझवेपर्यंत ते बटण कितीही दाबा, उपयोग नाही. काही पेशंट उगाच दहादा दाबतात म्हणून नर्सांनीच तशी सोय मागितली होती आणि ह्यांनी हौसेने करून दिली होती.

हे कधी होतं, तर दुपारी दोनला. तेव्हा नर्सांची पाळी बदलते, दिवसाची सगळी नोंद कंप्युटरवर काढतात, आणि जेवणं आटोपलेले पेशंट लघवीच्या भांड्यासाठी बटणं दाबायला लागतात. सगळं एकाच वेळी.

नव्या बोर्डांत ह्यांनी ते दुरुस्त केलं. ओळी किती बदलल्या विचारलं तर म्हणाले, तीन. जुने छत्तीस बोर्ड मात्र गावोगाव लागलेले होते. प्रत्येक ठिकाणी जाऊन, बोर्ड पंधरा मिनिटं बंद करून, केबल लावून प्रोग्राम बदलावा लागणार. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाले, सर्व्हिसला जाऊ तिथे तिथे बदलत जाऊ. तोवर तोंडातून चकार शब्द नको, बभ्रा झाला तर नऊ घरं रस्त्यावर येतील.

ह्यांना ते पटलं नव्हतं. घरी येऊन मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, गप्प बसा, बावन्नाव्या वर्षी तुम्हाला कोण नोकरी देणार आहे. हे मीच म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या नावावर ढकलता येत नाही.

चार महिन्यांनी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऍम्ब्युलन्सने जवळचं हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यात काठी घेऊन चालतील, फक्त आठ दिवस कोणाच्या मदतीशिवाय खाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही. आम्ही हात जोडले. मग त्यांना स्त्रियांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर आणलं आणि आमच्या मागे भिंतीवर वाजलं, टूं-टूं.

ह्यांनी वळून बघितलं. दुरुस्त केलेल्या बोर्डाला खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लावतात. ठिपका नव्हता.

सासूबाईंना कोण आनंद. ते बटण हातात घेऊन शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाल्या, हे माझ्या मुलाने केलंय. सगळ्या वॉर्डाला तासाभरात कळलं. बायका ह्यांच्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि ह्यांना कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

भेटायची वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सात. मधले तीन तास नातेवाइकांनी बाहेर. म्हणजे नेमकी दोनची वेळ बंद दाराआड. मी इन्चार्ज सिस्टरना विनवलं, मला एकटीला कोपऱ्यात बसू द्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला बसू दिलं तर अकरा जणींना काय सांगू. त्यांचंही खरं होतं. तीस वर्षांची नोकरी, पायांवर सूज, आणि बोलणं तरी गोड. त्यांच्यावर चिडता येईना म्हणून मी जास्तच चिडले.

मग ह्यांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चावी, शिपाई, कारकून, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आमच्याकडे सहा वर्षांत बोर्डाची एक तक्रार नाही, दर महिन्याला नोंद तपासतो. हे म्हणाले, जी हाक हरवली तिची नोंद होत नाही. सिस्टरनी ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, कंपनीचं पत्र आणा, मी बोर्ड बंद करू देते.

मालक पत्र देईनात. पत्रात कारण लिहावं लागणार होतं. म्हणाले, आई घरी येऊ दे, मग आपण शांतपणे जाऊन बदलू. ह्यांनी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने हॉस्पिटलच्या ऑफिसला अर्ज दिला. ऑफिसने तो कंपनीकडे पाठवला, खुलासा करावा म्हणून. कंपनीत अशा तांत्रिक पत्रांना उत्तर कोण लिहितं? आमचे हेच. मालकांनी आवाजही चढवला नाही, कागद तेवढा ह्यांच्या टेबलावर आणून ठेवला. ह्यांनी उत्तरात लिहिलं, नोंदी समाधानकारक आहेत, तरी तपासणीसाठी बोर्ड पंधरा मिनिटं बंद ठेवणं आवश्यक आहे. मालकांनी तेवढी ओळ काढली आणि बाकीचं पाठवलं. बाकीचं म्हणजे, नोंदी समाधानकारक आहेत. खाली सही ह्यांची.

आता राहिल्या सासूबाई. त्यांना हे खाटेजवळ बसून म्हणाले, दुपारी बटणावर भरवसा ठेवू नकोस, हाका मार, मोठ्याने मार. त्या म्हणाल्या, एवढ्या बायका झोपलेल्या असतात, बोंबलत काय सुटू? आणि तुझं बटण असताना? हे म्हणाले, त्यात दोष आहे आई. त्यांनी ह्यांच्या गालावरून हात फिरवला. लहानपणी परीक्षेहून आला की असंच म्हणायचा, सगळं चुकलं म्हणून, आणि यायचा पहिला, असं मला सांगायला लागल्या. मी स्टीलचा पेला आणि चमचा उशाशी ठेवला, तो दुसऱ्या दिवशी आवरून टेबलाच्या खणात गेलेला. मोबाइल होता, पण चार्जिंगचा प्लग सगळ्या वॉर्डात एक, तो दाराजवळ.

हे रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी फाटकाशी बाकावर बसायचे. दोन वाजून पाच मिनिटांनी वॉर्डच्या फोनवर फोन करायचे, सात नंबर कशा आहेत? फोनला कोणीतरी उत्तर द्यायचं म्हणजे कोणीतरी मान वर करून सात नंबरकडे बघायचंच. एवढीच त्यांची युक्ती. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, दादा, पाळी बदलताना फोन नका करू, आमची धांदल असते, हात जोडते. हे ओशाळले. माणूसच तसा. कोणी हात जोडले की संपलं.

सहाव्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. मीही बाकावर शेजारी बसले होते. दोन वाजले, सव्वादोन झाले. हे हातातल्या फोनकडे बघत होते. मी म्हटलं, करा. म्हणाले, त्या नको म्हणाल्यात. मी पुन्हा म्हटलं नाही. मला ते आजही खातं.

चारला दार उघडलं तर सात नंबरभोवती हिरवा पडदा ओढलेला. आत डॉक्टर होते. सासूबाईंनी दोनच्या सुमारास बटण दाबलं होतं. दिवा लागला. त्या वाट बघत राहिल्या. बटणावरचा दिवा बघत, पाऊण तास. नव्या पाळीची पोरगी दोनदा समोरून गेली, त्यांनी हाक मारली नाही, तिच्या हातात दुसऱ्याचं काम होतं म्हणे. शेवटी अगदीच अनावर झालं तेव्हा कपडे खराब होण्याची लाज वाटून स्वतःच उठल्या. चार पावलंही गेल्या नाहीत. बसवलेलं हाड सरकलं होतं आणि खाली आणखी एक चीर. डॉक्टर आम्हाला बाहेर नेऊन म्हणाले, पुन्हा ऑपरेशन या वयात झेपणार नाही. आता चालणं विसरा.

पडदा बाजूला झाला तेव्हा सिस्टर खरंच रडवेल्या झाल्या होत्या. त्यांनी सासूबाईंना विचारलं, आजी, बेल का नाही दाबलीत? सासूबाई म्हणाल्या, दाबली की. सिस्टरनी नोंदीचा कागद आणला होता. दोन वाजून तीन मिनिटांनी नऊ नंबर, मग दोन, मग अकरा, मग चार. सात नव्हता. त्यांनी तो सासूबाईंना दाखवला, दोष द्यायला म्हणून नाही, वरच्यांना उत्तर द्यायचं होतं त्यांना. आणि बटणावरचा दिवा? तो गडबडीत कोणीतरी विझवला होता.

सासूबाईंनी कागद जवळ धरून वाचला. तिकीट खिडकीतली बाई, आकडे त्यांना पटकन दिसतात. तळाशी कंपनीचं नाव छापलेलं होतं, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"मग नसेल दाबलं गेलं," त्या म्हणाल्या. "माझंच बोट नीट लागलं नसेल."

ह्यांना मी सव्वीस वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"तू दाबलं होतंस. हाक यात टाकून दिली जाते. मी लिहिलंय ते, मला माहीत आहे. माझी चूक आहे आई, तुझी नाही."

शेजारच्या खाटेवरच्या बाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, आईला वाईट वाटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतोय. मी ओरडून सांगणार होते की तो खरं बोलतोय. पण सिस्टर हळूच म्हणाल्या, दादा, कंपनीने परवाच लिहून दिलंय, नोंदी समाधानकारक आहेत, तुमचीच सही आहे खाली.

सासूबाईंनी ह्यांचा हात धरला. "वेडा आहेस. तुझं मशीन खोटं कशाला बोलेल?"

आणखी नऊ दिवस त्या तिथे होत्या. आठ नंबरला एक नवी बाई आली, पायाचं ऑपरेशन झालेली. आम्ही चारला आत गेलो तेव्हा सासूबाई कुशीवर वळता येत नाही म्हणून मान तेवढी वळवून तिला समजावत होत्या. तिचं बटण आपल्या हातात घेऊन, अंगठा कसा ठेवायचा ते दाखवत होत्या. पूर्ण दाबायचं, म्हणाल्या, लाल दिवा लागेपर्यंत, मग काही काळजी नाही, कोणीतरी येतंच. माझ्यासारखं अर्धवट दाबू नका. हे दारातच थांबले. भिंतीवरचं घड्याळ, अजूनही हिरवा ठिपका नसलेला तो बोर्ड आणि आई, तिन्ही त्यांना एकदम दिसत होतं, आणि पाय काही पुढे पडेना.